नाझ्काच्या रेषा, रात्रीची बस आणि घरातली चार मतं

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका निवृत्त भूगोल शिक्षिकेचं हे पत्र आहे. त्यांचं वय ६१. यजमान ६७ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलगी आणि जावई अमेरिकेत. मे महिन्यात चौघांनी ११ दिवस पेरूला जायचं ठरवलंय: लिमा, कुस्को, माचू पिचू, टिटिकाका सरोवर. बाईंनी स्वतःहून एकच ठिकाण मागितलं, नाझ्का. वाळवंटात जमिनीवर काढलेली ती प्रचंड चित्रं त्या वर्गात फळ्यावर काढून दाखवायच्या. मुलीने नाझ्का कसंबसं बसवलं: लिमाहून रात्रीची बस, पहाटे नाझ्का, सकाळी अर्ध्या तासाचं विमान, दुपारच्या बसने परत लिमा. यजमान म्हणतात, "रेघोट्या बघायला पंधरा तास बस?" जावयांनी तिथल्या विमान अपघाताची बातमी पाठवली. मुलीचं म्हणणं, "आई, यूट्यूबवर यापेक्षा छान दिसतं." आणि बाईंना कसारा घाटातसुद्धा ओवा चघळावा लागतो. त्या विचारतात: एक दिवस पुरेल का? विमानात बसावं का? की सगळ्यांना त्रास नको म्हणून नाझ्का सोडूनच द्यावं?

बाई, नमस्कार.

(शिक्षिकेला बाईच म्हणायची सवय आहे, तेव्हा चालवून घ्या.)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा मनात एकच शंका आली. टिटिकाका कोणी मागितलंय?

माचू पिचू जावयांना बघायचंय, कुस्को मुलीला, यजमान "तुम्ही न्याल तिकडे", असं तुम्हीच लिहिलंय. टिटिकाकापुढे मात्र कोणाचंच नाव नाही. पेरूच्या प्रत्येक यादीत असतं म्हणून ते यादीत आलं. ३,८०० मीटरवरचं सरोवर, जायला-यायला दोन दिवस, वर विरळ हवेत डोकेदुखीची भीती. तरी "इतक्या लांब पाणी बघायला?" असं त्याला कोणी विचारलं नाही. नाझ्काला मात्र आपली लायकी सिद्ध करावी लागतेय. का, ते तुम्हाला कळलं असेलच. चौघांच्या सहलीतली आपली एकुलती एक मागणी आईने मागितली, की ती मागणी न राहता 'अॅडजस्टमेंट' होते. तुमच्या घरचे वाईट आहेत असं म्हणत नाही मी. हे सगळ्यांच्या घरात होतं, माझ्याही.

दुसरं, आणि हे जरा सविस्तर सांगते. पत्रातल्या चौघांनीही, तुम्हीसुद्धा, एक गोष्ट गृहीत धरली आहे: नाझ्का म्हणजे विमान. विमान झालं तर नाझ्का झालं, विमान नाही तर फेरी फुकट. या गृहीतकावरच एका दिवसाचा बेत उभा आहे, जावयांची भीती उभी आहे, तुमची ओव्याची पुरचुंडीही.

पण ज्यांनी त्या रेषा काढल्या ते पायी होते. साधारण इ.स.पू. २०० ते इ.स. ५०० या काळातली नाझ्का संस्कृतीची माणसं. त्यांच्यातल्या कोणी ते चित्र आकाशातून पाहिलेलं नाही. (परग्रहावरच्या पाहुण्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, आभारी आहे. आपल्या पिढीने त्यावर पुरेशा रात्री जागवल्यात.) काढण्याची रीत ऐकली तर तुम्हाला आपली रांगोळीच आठवेल, फक्त उलटी. पठारावर लोहाच्या ऑक्साइडने तांबूस-काळपट झालेल्या दगडगोट्यांचा थर आहे. तो १०-१५ सेंटीमीटर बाजूला सारला की खालची फिकट पिवळसर माती उघडी पडते. टाकायचं काही नाही, काढायचं फक्त. उचललेले दगड कडेला रचले की रेषेला काठ येतो. खुंट्या आणि दोर वापरून छोट्या चित्राचं मोठं चित्र केलं असणार, असं मानलं जातं. आणि माकड, कोळी अशी कित्येक चित्रं हात न उचलता, एकाच सलग रेषेत काढलेली आहेत. रेषा कुठेच स्वतःला छेदत नाही. एका टोकाने आत शिरायचं आणि चित्रभर चालून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. त्या रेषांवरून माणसं विधी म्हणून चालत असावीत, हा अंदाज त्यातूनच आला. प्रदक्षिणा घालणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

त्यात २०२४ साली एक नवी गोष्ट कळली. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या संशोधकांनी हवाई छायाचित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घेतली आणि सहा महिन्यांत ३०३ नव्या आकृत्या शोधल्या. त्यातल्या बहुतेक लहान आहेत, सरासरी नऊ मीटरच्या, आणि जुन्या पायवाटांच्या कडेला काढलेल्या. माणसं, पाळीव जनावरं, कापलेली मुंडकी असे विषय. म्हणजे वाटेने जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणूनच काढलेल्या. सरासरी नव्वद मीटरची ती प्रसिद्ध रेखाचित्रं वेगळी, त्यांत रानटी प्राणी जास्त. तेव्हा तुमच्या मुलीला सांगा, यूट्यूबवर छान दिसतं हे खरंच आहे, पण ती नजर तिथल्या माणसाची नाही.

जमिनीवरून काय दिसतं? गावाच्या उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर महामार्गाला लागूनच एक लोखंडी मनोरा आहे, तिथे त्याला 'मिरादोर' म्हणतात. पहिला मनोरा, या रेषांसाठी आयुष्य वेचलेल्या मारिया रायखे यांनी १९७६ साली उभा केला. वर चढलं की एका बाजूला झाड, एका बाजूला दोन हात, आणि एक सरडा. त्या सरड्याच्या अंगावरूनच पॅन-अमेरिकन महामार्ग गेलाय, १९३० च्या दशकात. शेपूट रस्त्याच्या पलीकडे राहिली. मी तिथे पोहोचले तेव्हा दुपारचे साडेचार वाजले असतील. ऊन तिरपं झालं होतं आणि रेषांच्या काठच्या दगडांची बोटभर सावली पडली होती. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला बोटं मोजायला लावत होते. स्पॅनिश मला येत नाही, पण आकडे कळले. नऊवर येऊन पोरगं थांबलं आणि परत पहिल्यापासून मोजायला लागलं. एका हाताला चारच बोटं आहेत. का, ते आजोबांनाही सांगता आलं नाही. बाजूने ट्रक धडधडत जात होते. विमानातून हे हात मला दिसलेच नव्हते, कारण तेव्हा माझं डोकं कागदी पिशवीत होतं.

हो. मी बसले होते त्या विमानात. तेव्हा आता त्याबद्दल.

जावई घाबरवण्यासाठी काही खोटं सांगत नाहीयेत. २०१० साली नाझ्कात प्रेक्षणीय उड्डाणांचे दोन मोठे अपघात झाले, फेब्रुवारीत सात माणसं गेली आणि ऑक्टोबरमध्ये सहा. त्यानंतर नियम कडक झाले. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा एक विमान पडलं, सात जण गेले. मधल्या काळात हजारो फेऱ्या सुखरूप झाल्या हेही तितकंच खरं. हा धोका घ्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी कोणाला "एवढं आलोय तर बस" म्हणून चढवू नये, आणि कोणी कोणाला "मी घाबरतो म्हणून तूही नको" म्हणून उतरवू नये. तुमच्या घरात ही दोन्ही वाक्यं बोलली जातील असं मला वाटतं.

बसायचं ठरलंच तर तिकीट बसथांब्यावर अंगावर येणाऱ्या दलालाकडून घेऊ नका. कंपनीच्या कार्यालयातून किंवा विमानतळावरच्या खिडकीवरून घ्या, दोन वैमानिक असतात का ते विचारा, आणि सगळ्यांत स्वस्त दिसेल ते सोडून द्या. पासपोर्ट बरोबर लागतो. विमानतळाचं शुल्क तिकिटात नसतं, ते वेगळं भरावं लागतं, तेव्हा सोल, म्हणजे तिथलं चलन, सुटे ठेवा. सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून वजन करतात आणि त्यावरून जागा ठरवतात. मला सोळा वर्षांनी पहिल्यांदा माझं खरं वजन कळलं.

सेस्नाचं विमान छोटं, आपल्या सहा आसनी वडापपेक्षा फार मोठं नाही. अर्धा तास. वैमानिक प्रत्येक चित्राभोवती आधी एका बाजूने कलतो, मग वळून दुसऱ्या बाजूने, म्हणजे दोन्हीकडच्या खिडक्यांना दिसावं. पंखाच्या टोकाखाली बघा, असं हेडफोनमधून सांगतात. देवमासा झाला, टेकडीच्या उतारावरचा तो हात वर केलेला माणूस झाला, माकड झालं. माकडाच्या शेपटीची गुंडाळी पाहून मी अक्षरशः ओरडले. तिथून पुढे मात्र दर वळणाला पोट एकीकडे आणि मी दुसरीकडे. ९० मीटरहून लांब हमिंगबर्ड मी अर्ध्या डोळ्याने पाहिला. १३५ मीटरच्या आसपासचा कंडोर, म्हणजे तिथलं गिधाड, नुसता ऐकला.

माझं चुकलं काय, ते सांगते, कारण तुमच्या मुलीने आखलेला बेत हुबेहूब तोच आहे. मी रात्रभर बसमध्ये होते, पहाटे पाचला उतरले, झोप नाही, पोटात काही नाही, एक कडक कॉफी ढोसली आणि धुकं विरण्याची वाट पाहत विमानतळावर तीन तास बसले. फोनमधून चित्रीकरण करत राहिले, म्हणजे नजर हातभर अंतरावरच्या पडद्यावर आणि शरीर आकाशात तिरकं. मळमळ व्हायला याहून जास्त काही करावं लागत नाही.

तुम्ही असं करा. आदल्या रात्री गावातच पलंगावर झोपा. सकाळी उपाशी राहू नका, कोरडा पाव, बिस्किटं असं थोडं खा. अॅव्होमिनसारखी गोळी चालेल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाकीच्या गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवून. चालेल म्हणाले तर ती इथेच एकदा घेऊन बघा, कसारा घाटातच. काहींना इतकी झोप येते की चित्रं पाहायची राहूनच जातात. शक्य तर पुढची जागा मागा, मिळेलच असं नाही. फोन जावयांकडे द्या. दोन चित्रांच्या मधे क्षितिजाकडे बघा. आणि बारा चित्रांपैकी तीन नीट दिसली तर ती तीन तुमची.

वेळेचं गणित असं, की पहाटे समुद्राकडून धुकं येतं तेव्हा विमानं थांबतात, आणि दुपारनंतर वारा सुटला की विमान हिंदकळतं. मधली सकाळ सगळ्यांत बरी. पण उड्डाणं लांबली की सगळी गर्दी त्या मधल्या सकाळीच येते. एक वाजताच्या परतीच्या बसचं तिकीट खिशात असेल, तर त्या रांगेत बसून तुम्ही घड्याळाशिवाय दुसरं काही पाहणार नाही. म्हणून माझा आग्रह दोन रात्रींचा आहे. पहिली सकाळ विमानासाठी, दुसरी राखीव. विमानात बसायचं नसेल तर दोन्ही सकाळी तुमच्या.

"पण दोन दिवस त्या गावात करायचं काय?" हा यजमानांचा प्रश्न मला इथून ऐकू येतोय. गाव देखणं नाही, हे आधीच सांगून ठेवा. १२ नोव्हेंबर १९९६ च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपात मातीच्या विटांची जुनी घरं कोसळली, नंतर जे उभं राहिलं ते साधं सिमेंटचं. एक चौक, चार खानावळी, तीनचाकी रिक्षा. पण यजमान पाटबंधारे खात्यातले आहेत असं तुम्ही लिहिलंत, आणि मला वाटतं या सहलीचा सगळ्यांत मोठा आनंद त्यांनाच व्हायचाय.

गावापासून चारेक किलोमीटरवर कांतायोक नावाची जागा आहे. शेताच्या बाजूला जमिनीत शंखाकृती खड्डे, नदीतल्या गोल दगडांनी बांधून काढलेले. चक्राकार वाटेने खाली उतरत गेलं की तळाशी वाहतं पाणी. ही 'पुकिओ' पद्धत. डोंगराकडचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने शेतापर्यंत आणायचं, आणि मधे मधे असे 'डोळे' ठेवायचे, आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. त्या भागात असे चाळीसच्या आसपास कालवे आहेत आणि त्यातले बरेच आजही शेतीला पाणी देतात. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी यजमानांनी नक्की पाहिली असेल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं असंच जमिनीखालून पाणी आणलं, वर हवेच्या आणि सफाईच्या विहिरी ठेवून. दोन खंडांचा एकमेकांशी काही संबंध नसताना तीच अडचण आणि जवळजवळ तेच उत्तर. यजमानांना तिथे तासभर मोकळं सोडा. उतार किती दिलाय यावरच ते बोलत बसतील. आणि वरती पठारावर इतक्या रेषा का काढल्या असतील, याच्या बऱ्याच उत्तरांमध्ये पाणी कुठेतरी येतंच. रेघोट्यांकडे ते मग जरा वेगळ्या नजरेने बघतील.

तुमच्यासाठी मात्र मारिया रायखे यांचं घर. मिरादोरच्या पुढे थोड्या अंतरावर, आता तिथे संग्रहालय आहे. ड्रेस्डेनमध्ये १९०३ साली जन्मलेली, गणित शिकलेली बाई. पेरूमध्ये शिकवण्या आणि भाषांतरं करून राहत होती. पॉल कोसोक या अमेरिकन अभ्यासकाला २२ जून १९४१ रोजी, तिथल्या हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, एका रेषेच्या टोकाशी सूर्य मावळताना दिसला, आणि त्याच्या कामात मदत करता करता या बाई तिथल्याच होऊन गेल्या. हातात मोजपट्टी, शिडी आणि केरसुणी. केरसुणीने रेषा झाडायच्या म्हणून गावातले लोक आधी चेटकीण समजायचे. आकृत्या म्हणजे मोठं पंचांग, हा त्यांचा सिद्धांत आज फारसा कोणी मानत नाही. पण रेषा वाचल्या, १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, यामागे त्यांची पन्नास वर्षं आहेत. १९९८ मध्ये त्या गेल्या. त्यांची खोली तशीच ठेवली आहे आणि आवारात त्यांची समाधी आहे. खोली बघताना मला माझ्या गणिताच्या बाईंचं घर आठवलं, फक्त इथे भिंतीवर माकड होतं. शेवटची काही वर्षं त्या गावातल्या ज्या हॉटेलात राहिल्या, तिथे संध्याकाळी तारांगणाचा कार्यक्रम होतो. छोटासाच आहे, पण रात्री करण्यासारखं दुसरं काही नाही.

चाउचिया इथलं उघडं दफनस्थान बऱ्याच सहलींत घालतात. खड्ड्यांत बसवलेले केसांसकट सांगाडे, आजूबाजूला थडगी लुटणाऱ्यांनी टाकलेली हाडं. तुम्हाला बघवेल का, ते तुम्हीच ठरवा. मला एकदा पुरलं. त्यापेक्षा काउआची बरं, मातीच्या विटांचे पिरॅमिड, अर्धे अजून वाळूखाली. नाझ्का लोकांचं ते धार्मिक केंद्र होतं. रस्ता कच्चा आहे आणि सावली अजिबात नाही, तेव्हा सकाळीच.

एक मात्र कटाक्षाने. रेषांच्या पठारावर पाऊल ठेवायचं नाही, कोणी टॅक्सीवाला "लांबून बघतोय कोण" म्हणाला तरी. वर्षाला काही मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी बुटाचा ठसा पुसायला कोणी येत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हमिंगबर्डशेजारी कापडी अक्षरं मांडली, संदेश चांगलाच होता, पण त्यांच्या पायवाटेचा ओरखडा तिथे राहिला आणि त्यांना माफी मागावी लागली. २०१८ मध्ये एका ट्रकवाल्याने रस्ता सोडून ट्रक थेट रेषांवर नेला. इतका कमी पाऊस का, हे तुम्हाला मी काय सांगणार. हम्बोल्टचा थंड सागरी प्रवाह एका बाजूला आणि अँडीज पर्वत दुसऱ्या. तुम्ही इतकी वर्षं खडूने काढलेले बाण तिथे उभं राहून दोन्ही हातांनी दाखवता येतात.

जाण्याआधी कोकणात जाणं होणार असेल तर राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावरचा हत्ती बघून या. अठरा मीटरच्या आसपास लांब, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी. तंत्र वेगळं आहे, तो कातळात कोरलेला आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. मी सांगतेय ते एवढ्यासाठी, की इतकं मोठं चित्र पायाशी असताना डोळा कसा गोंधळतो, मग सोंड सापडली की कसा एकदम जुळतो, याची तालीम तिथे होते. यजमानांनाही न्या.

आता रस्ता. लिमा ते नाझ्का ४५० किलोमीटर, बसला सात-आठ तास. ते एका दमात करायची गरज नाही. पहिल्या दिवशी इकापर्यंत या, चार-पाच तास. जवळच वाकाचिना नावाचं वाळूच्या टेकड्यांमधलं तळं आहे, मुलगी-जावयांना तिथल्या वाळूगाडीत घालून द्या. दुसऱ्या दिवशी इकाहून नाझ्का तीन तासांच्या आतबाहेर, दुपारच्या जेवणाला पोहोचता. मिरादोर त्याच संध्याकाळी. बस दुमजली असते, तुम्ही खालच्या मजल्यावर बसा, तिथे कमी हेलकावतं. नाझ्काहून कुस्कोची थेट बस कोणी सुचवली तर हात जोडा. चौदा-पंधरा तास, चार हजार मीटरच्या वर चढणारी, वळणावळणांची. तुमच्यासाठी तो कसारा गुणिले पन्नास आहे. त्यापेक्षा दिवसाच्या बसने आरेकिपा शहर, नऊ-दहा तास, बराचसा रस्ता समुद्राच्या कडेने. वळणं त्यातही आहेत, गोळी लागेल. आरेकिपा २,३०० मीटरवर आहे, तिथे एक दिवस थांबलात की पुढे विमानाने ३,४०० मीटरवरच्या कुस्कोला पोहोचताना शरीर थोडं तयार असतं. टिटिकाका काढलंत तर हे सगळं ११ दिवसांत आरामात बसतं. मी बोटांवर मोजून पाहिलंय.

जेवणाची काळजी करू नका, मात्र "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हणून थांबू नका. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी लाल मांस नको एवढाच घेतात आणि ताटात कोंबडी येते. "सिन पोयो, सिन पेस्कादो" (कोंबडी नको, मासे नको) हेही म्हणा. इका भागात 'पयारेस' पिकतात, म्हणजे आपली डबल बी, फक्त अंगठ्याएवढी. शिजवून वर कांदा-लिंबू घालून देतात. बरोबर नेलेला गोडा मसाला तिथेच बाहेर काढायचा. नाहीतर 'चिफा' म्हणजे तिथलं चायनीज, भाज्यांचा फोडणीभात हमखास मिळतो.

कागदपत्रांचं थोडं. तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा असेलच. तो असलेल्या भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण मुदत पुरेशी शिल्लक असण्याची अट आहे. निघण्याआधी वकिलातीकडून आजचा नियम बघून घ्या. आणि पेरूहून थेट भारतात येणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, पेरू सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत इथे उतरणाऱ्यांना ते विचारतात. लस कमीत कमी दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढे ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. अमेरिकेत मुलीकडे आठवडाभर थांबून परतणार असाल तर हा प्रश्न उरत नाही.

राहिली तुमची शेवटची ओळ, "सगळ्यांना त्रास नको." त्रास होईल की नाही, ते त्यांना ठरवू द्या. मुलीने आधीच धडपड करून तुमच्यासाठी जागा काढली आहे, तिला ते महत्त्वाचं वाटतं म्हणूनच. तिला फक्त एका दिवसात बसवायचं म्हणून बेत अशक्य झालाय, एवढंच. घरच्या ग्रुपवर आजच एक निरोप टाका. मी लिहून देते, तुमच्या शब्दांत बदला: "टिटिकाका काढूया. त्या दिवसांत नाझ्का, दोन रात्री. विमानात ज्याला बसायचं त्याने बसावं, मी तिथे सकाळी उठून ठरवीन. बाबांसाठी तिथे जमिनीखालचे कालवे आहेत, फोटो पाठवते."

चार वाक्यं आहेत. खाली "चालेल ना?" लिहू नका.